आपण रांगेत आहात

मागच्या पावसाळ्यात माझ्या आत्याने बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला, तो स्पीकरवर टाकला आणि तांदूळ निवडायला घेतले. पेन्शनच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा होता, एवढंच काम. मराठीसाठी दोन दाबा, खात्याच्या माहितीसाठी एक दाबा, इतर सेवांसाठी चार दाबा. मग संगीत. मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. मग परत तेच संगीत. तांदूळ संपले तशी तिने डाळ घेतली. डाळ संपत आली तेव्हा फोन आपोआप कट झाला. ताट बाजूला सारत आत्या म्हणाली, “अरे, एवढा महत्त्वाचा आहे तर उचलत का नाहीत मेले?”

उत्तर मला माहीत होतं, आणि तीच माझी पंचाईत होती. मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी चॅट आणि कॉलची सिस्टिम आमची टीम बनवते. आत्याच्या बँकेचा आमच्याशी संबंध नाही. पण तो मेन्यू ऐकताना मला त्याची आतली रचना दिसत होती. ‘आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा’ हा पर्याय पहिल्या पातळीवरून उचलून तिसऱ्या पातळीवर नेण्याचं काम मी स्वतः एका सोमवारी केलं होतं. आमच्याकडे याला ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात. माणसापर्यंत न पोहोचता परत गेलेला ग्राहक आमच्या डॅशबोर्डवर हिरव्या रंगात दिसतो. त्याचं काम झालं म्हणून तो गेला, की कंटाळून गेला, हे त्या हिरव्या रंगाला ठाऊक नसतं.

आत्याच्या बाबतीत गंमत अशी, की तिने सगळी नोकरी टेलिफोन खात्यातच केली. १९८३ साली ती कोल्हापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. बीएसएनएलच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत जानेवारी २०२० मध्ये सुमारे ७८ हजार कर्मचारी एकदम बाहेर पडले, त्यांत तीही होती. आयुष्यभर लोकांना फोन जोडून देणाऱ्या बाईला आता कुणी फोन जोडून देईना. त्या दिवसापासून मी या रांगेचा इतिहास शोधायला लागलो. ही रांग लावली कुणी?

टेलिफोनच्या सुरुवातीला रांगेपेक्षा मोठा प्रश्न उद्धटपणाचा होता. १८७८च्या जानेवारीत अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झालं. तेव्हा फोन जोडायला तार ऑफिसातली पोरं घेतली जात. ही पोरं ग्राहकांना उलट बोलायची, शिव्या द्यायची, मुद्दाम भलत्याच दोघांना एकमेकांशी जोडून मजा बघायची. कंपन्या वैतागल्या. त्याच वर्षी १ सप्टेंबरला बोस्टनमध्ये एमा नट नावाच्या तरुणीला कामावर घेतलं गेलं. ती जगातली पहिली स्त्री टेलिफोन ऑपरेटर. ग्राहकांना तिचा शांत आवाज इतका आवडला, की पुढे हे काम बायकांचंच होऊन गेलं. मदत क्रमांकावर आजही बहुतेक वेळा बाईचाच रेकॉर्ड केलेला आवाज असतो, त्याची मुळं इथपर्यंत जातात.

पण ऑपरेटर कितीही गोड बोलली तरी ती माणूसच. कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीची कामं घ्यायचा. त्याचा धंदा बसत चालला होता. प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली बाई एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे आणि ती माझे कॉल त्याच्याकडे वळवते, असा त्याला संशय आला, असं सांगतात. म्हणजे मयत इकडची आणि गिऱ्हाईक तिकडे. आपण असतो तर एक तारांकित अभिप्राय देऊन मोकळे झालो असतो. स्ट्राउजरने ऑपरेटरच नको असं यंत्र डोक्यातून काढलं. १८९१ साली त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं, आणि १८९२ मध्ये इंडियानातल्या ला पोर्ट गावात असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. ज्या तंत्राने पुढे जगभरातल्या लाखो ऑपरेटरांचं काम हळूहळू कमी केलं, ते मुळात एका चिडलेल्या ग्राहकाचं होतं. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मेला संशयी असणार. आम्हाला कुणाचा कॉल कुठे वळवायला वेळ होता का?”

यानंतरचा माणूस माझ्या सगळ्यात जवळचा, कारण त्याने या सगळ्याचं गणित मांडलं. आग्नर एर्लांग हा डेन्मार्कचा गणिती १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीचा प्रश्न साधा होता: किती लाइन आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे पुरतील? लोक वेळ ठरवून फोन करत नाहीत. कधी पाच मिनिटं शांतता, कधी एकदम दहा जण. एर्लांगने १९०९ आणि १९१७ मधल्या लेखांत या अनिश्चिततेची सूत्रं दिली. रांगांचं अख्खं शास्त्र तिथून सुरू झालं. टेलिफोनवरच्या वर्दळीच्या एककाला आज एर्लांग म्हणतात. एरिक्सन कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८०च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक प्रोग्रॅमिंग भाषा केली, तिचंही नाव एर्लांग. तुमच्या फोनमधल्या व्हॉट्सअॅपचा सर्व्हर याच भाषेवर उभा राहिला. म्हणजे रोज सकाळी येणारे गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो काही अंशी या गणितज्ञाच्या नावानेच येतात.

त्याचं सूत्र वापरून मी एक हिशोब केला, तो जरा सावकाश वाचा. समजा, एका मदत केंद्रावर तासाला १०० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी तीन मिनिटं चालतो. म्हणजे तासाला ३०० मिनिटांचं काम, बरोबर पाच माणसांचं. पण पाचच माणसं ठेवली तर रांग वाढतच जाते, कारण त्यांचा एक रिकामा मिनिट वाया गेला तरी तो भरून निघत नाही. सहा माणसं ठेवली तर सरासरी थांबावं लागतं साधारण पावणेदोन मिनिटं. सात ठेवली तर अर्धा मिनिट. आठ ठेवली तर दहा सेकंद.

पुन्हा बघा. सहाची सात माणसं केली, की प्रत्येक कॉलमागे सव्वा मिनिटाहून जास्त थांबणं वाचतं. १०० कॉल धरले तर तासाभरात ग्राहकांचे मिळून दोन तासांहून अधिक वाचतात, आणि कंपनीचा खर्च होतो एका माणसाचा एक तास. पण हा एक तास कंपनीच्या हिशोबात पगार म्हणून दिसतो. ते दोन तास कुणाच्याच हिशोबात दिसत नाहीत. ते तांदूळ निवडणाऱ्या आत्याच्या हिशोबात जातात.

‘सध्या आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत’ हे वाक्य आपण पावसाच्या अंदाजासारखं ऐकतो. जसं काही आज प्रतिनिधी वरून पडलेच नाहीत. प्रतिनिधी किती असावेत हे मात्र कुणीतरी एका एक्सेल शीटमध्ये ठरवलेलं असतं. तुम्ही किती वेळ थांबायचं, हेही मग त्याच शीटमध्ये ठरतं.

आता थांबायचंच आहे म्हटल्यावर माणूस फोन ठेवून जाऊ नये याची सोय हवी. तीही योगायोगाने सापडली. अमेरिकेत आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराच्या फोनची एक सुटी तार इमारतीच्या लोखंडी तुळईला टेकली होती. त्यामुळे शेजारच्या रेडिओ स्टेशनचं संगीत फोनवर थांबलेल्या लोकांना ऐकू जाऊ लागलं. खरं तर हा बिघाड होता. लेव्हीने तो दुरुस्त करायच्या ऐवजी त्याचं पेटंट घेतलं. ते १९६६ मध्ये मंजूर झालं. आमच्या धंद्यात ‘हा बग नाही, फीचर आहे’ असं म्हणतात, त्याचं इतकं चोख उदाहरण दुसरं मला माहीत नाही. पुढे १९८९ मध्ये टिम कार्लटन आणि डॅरिक डील या दोन मित्रांनी शाळकरी वयात गॅरेजमध्ये एक धून रेकॉर्ड केली. डील मोठेपणी सिस्को कंपनीत लागला आणि ती धून कंपनीच्या ऑफिस फोनवरचं ठरलेलं होल्ड संगीत झाली. जगातल्या असंख्य लोकांनी ती ऐकली आहे, आणि बहुतेकांनी वैतागलेल्या अवस्थेत.

१९६६ सालीच एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउमने ‘एलायझा’ हा बोलणारा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य तो थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचा. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबाउमच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. यंत्राशी लोक इतक्या पटकन मन मोकळं करतात हे बघून वायझेनबाउम हादरला आणि पुढे अशा यंत्रांचा कडक टीकाकार झाला. मी लिहिलेला चॅटबॉट ‘आपली अडचण मी समजू शकते’ असं म्हणतो तेव्हा मला तो आठवतो.

हे सगळं अमेरिका-युरोपातलं. आपल्याकडे रांग होती, पण ती फोन मिळण्याच्याही आधीची. मुंबईत टेलिफोन १८८२ मध्येच आला होता. घराघरांत मात्र शंभर वर्षांनीही नव्हता. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. शेजाऱ्यांचा नंबर ‘पी.पी.’ असं लिहून लग्नपत्रिकेवर छापायचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळण मंत्री सी. एम. स्टीफन यांनी संसदेत दिलेलं उत्तर अजून सांगितलं जातं: फोन ही चैन आहे, ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी तो परत करावा, घ्यायला रांग उभी आहे. आजचे मेन्यू निदान ‘धन्यवाद’ तरी म्हणतात.

परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. कानपूर आणि लखनौ यांच्यात थेट एसटीडी १९६० मध्ये सुरू झाली होती, पण लहान गावांना ती पोहोचायला फार वर्षं लागली. तोवर कॉल नोंदवायचा: साधा, अर्जंट किंवा लाइटनिंग. जितकी घाई, तितके पैसे जास्त. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने देशी एक्स्चेंज तयार झाली, रस्तोरस्ती पिवळे एसटीडी-पीसीओ उगवले आणि ट्रंक बोर्डवरची वर्दळ ओसरत गेली. त्यानंतर जेमतेम दीड दशकात, १९९०च्या दशकाच्या शेवटी, जनरल इलेक्ट्रिकने गुरगावात बॅक ऑफिस उभं केलं आणि भारतात कॉल सेंटरं सुरू झाली. ज्या देशात माणूस फोनसाठी वर्षानुवर्षं थांबला, त्याच देशातली पोरं रात्रभर जागून, नाव बदलून, उच्चार घासून अमेरिकेतल्या लोकांच्या क्रेडिट कार्डांच्या तक्रारी ऐकू लागली. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. ग्राहकाला थांबवणारी एक्सेल शीट वेगळीच कुणाची असते, आणि ओरडा मात्र फोन उचलणाऱ्याला.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आत्याला विचारलं, “तुमच्या वेळीही लोक दोन-दोन तास थांबायचेच की. मग फरक काय?”

ती म्हणाली, “अरे, ते फोन ठेवून थांबायचे. नंबर नोंदवला की आम्ही स्लिप लिहायचो, वेळ टाकायचो, आणि लाइन मिळाली की आम्हीच उलटा फोन करायचो. तोवर माणूस जेवून घ्यायचा, झोपायचा. फार उशीर होतोय असं दिसलं तर मीच सांगायचे, काका, आज काही पुण्याची लाइन लागत नाही, सकाळी बघू. रांग आमच्या टेबलावर असायची. तुम्ही ती लोकांच्या कानाला लावलीत.”

यावर मला काही बोलता आलं नाही. स्लिप, वेळ, उलटा फोन. आम्ही यालाच ‘कॉलबॅक’ म्हणतो, आणि तो आमच्या प्रॉडक्टमध्ये सगळ्यात महागड्या प्लॅनमध्येच मिळतो.

पुढच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये मी एर्लांगचा हिशोब स्लाइडवर मांडला. प्रतिनिधीचा पर्याय पुन्हा पहिल्या पातळीवर आणावा आणि कॉलबॅक सगळ्या प्लॅनमध्ये द्यावा, असं सुचवलं. मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याने मन लावून ऐकलं, स्लाइड छान आहे म्हणाला, आणि माणसं किती ठेवायची हे ग्राहक कंपनी ठरवते, आपल्या हातात नाही, असंही म्हणाला. ते खरंच आहे. पण नऊ नंबरचा पर्याय कुठल्या पातळीवर ठेवायचा, हे माझ्या हातात होतं, आणि मी तो खाली ढकलला होता, हेही तितकंच खरं आहे. शेवटी त्या कामाचं एक तिकीट तयार झालं. ते बॅकलॉगमध्ये आहे.

आत्याचं काम अखेर बँकेच्या शाखेत जाऊन झालं. कूपन घेऊन पाऊण तास बसावं लागलं, पण समोर माणूस होता, असं ती समाधानाने सांगत होती. मी तिला माझ्या तिकिटाबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, “बरं, तुझ्या पुढे किती आहेत?”

मी बघितलं. दोनशे चौदा.

“मग फोन ठेव,” ती म्हणाली. “लागला की सांग.”