तळटीप : ‘दोन नकाशे जुळले’

* लेखकाने एका वाक्यात उरकलेले हे ‘जुळणे’ फार कष्टाचे आहे. विश्वाच्या आरंभकाळातील प्रारणाचे तापमान आज सुमारे 2.7 केल्विन असून दिशेगणिक त्यातला फरक लाखात एका भागाएवढा असतो. आपल्या आकाशगंगेची झळ आणि उपकरणाची खरखर त्याला सहज झाकून टाकते. मग दिसलेला चढउतार आकाशाचा की यंत्राचा? जबलपूरच्या वाचकाने नर्मदा डोळ्यांपुढे आणावी. ग्वारीघाट आणि तिलवाराघाट इथल्या पाणीपातळी मोजण्याच्या दोन्ही पट्ट्यांवर एकच चढउतार दिसला तर तो नदीचा. एकाच पट्टीवर दिसला तर बहुधा पट्टीचा. पुण्याच्या ‘आयुका’तील राजिब साहा व तरुण सौरदीप यांनी कानपूरच्या आयआयटीतील पंकज जैन यांच्यासह 2006 मध्ये हे प्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नोंदींवर हेच तत्त्व वापरले. उपग्रहावरील वेगवेगळ्या ग्राहकयंत्रांच्या नकाशांचा परस्परसंबंध काढल्यावर खरखर गळून पडली. आकाशगंगेच्या उत्सर्जनाचे कोणतेही बाहेरचे प्रारूप न वापरताही त्यांचा चढउतारांच्या शक्तीचा आलेख डब्ल्यूमॅप गटाच्या आलेखाशी जुळला. स्वतंत्र वाटेने आलेला हा होकार माझ्या मते मूळ मोजणीइतकाच मोलाचा आहे. 2013 मध्ये मात्र प्लांक उपग्रहाने मोजलेली हीच शक्ती डब्ल्यूमॅपपेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी कमी भरली. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीवरून अंशांकन सुधारल्यावर, 2015 मध्ये ही तफावत जवळजवळ मिटली. मूळ लेखातील आकडे 2013 चे आहेत. वाचकांनी ते या दुरुस्तीसह वाचावेत. — संपा.