धुराच्या नळीचा कायदा : शोरूममधली गाडी रॅलीला जाते तेव्हा

आजचा विषय जरा मळका आहे. गाडीखाली वाकून पाहिलं की जो दिसतो, हात लावला तर चटका देतो, तो धुराचा पाइप. आपल्याकडे गॅरेजात त्या सगळ्या जोडणीला सरसकट 'सायलेन्सर' म्हणतात. खरं तर सायलेन्सर म्हणजे मधला किंवा शेवटचा तो डबा. त्याच्या आधी इंजिनाला चिकटलेला मॅनिफोल्ड असतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या वाटा एकत्र आणणारा तो पंजा. टर्बो असेल तर त्यानंतर टर्बो, मग पाइप, मग डबे. हे एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा वाद 'कुठून पुढे' या दोन शब्दांवर आहे.

प्रश्न असा आहे. शोरूममध्ये कुणालाही विकत मिळणारी गाडी रॅलीत उतरवायची, तर या नळीत किती फेरफार करू द्यायचा? वरवर हा मिस्त्रीचा प्रश्न वाटतो. पण गेल्या चाळीसेक वर्षांतल्या नियमावल्या वाचल्या की आम्हाला वेगळंच दिसतं. धुराची नळी मोकळी सोडायची की बांधून ठेवायची, हे त्या नळीकडे बघून कधीच ठरलं नाही. इंजिनाच्या दुसऱ्या तोंडाशी, म्हणजे हवा आत घेतो तिथे, जे भांडण चाललं होतं त्यातून ते ठरत गेलं.

आता थोडं मागे जाऊ. १९८२ साली आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाने, म्हणजे एफआयएच्या क्रीडा शाखेने, गाड्यांचे नवे गट केले : एन, ए आणि बी. गट बी मध्ये उतरायचं तर कंपनीने त्या नमुन्याच्या फक्त २०० गाड्या बनवल्या की भागत होतं. २०० म्हणजे काय, नावापुरता कारखाना! परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. ऑडी, प्यूजो, लान्चिया यांनी रस्त्यावरच्या गाडीचं फक्त नाव ठेवून आतून राक्षस बनवले. लान्चियाच्या डेल्टा एस-४ मध्ये तर एकाच इंजिनाला सुपरचार्जरही होता आणि टर्बोही. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड प्रेक्षकांत घुसली आणि माणसं मेली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिकाच्या घाटात हेन्री टोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सर्जिओ क्रेस्टो त्यांच्या लान्चियासकट दरीत गेले, गाडी जळून नुसता सांगाडा उरला. वर्षअखेरीस गट बी जागतिक रॅलीतून गेला.

१९८७ पासून मुख्य मान गट ए ला मिळाला आणि त्याच्या जोडीला गट एन ची वेगळी स्पर्धा सुरू झाली. दोन्हींची पहिली अट एकच : त्या नमुन्याच्या किमान ५,००० गाड्या बारा महिन्यांत बनलेल्या हव्यात. पुढे ही संख्या २,५०० वर आली. याला होमोलोगेशन म्हणतात, म्हणजे 'ही गाडी खरोखर विक्रीची आहे' असा दाखला. त्या दाखल्याबरोबर गाडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे फोटो आणि मापं असलेली वही तयार होते. तपासनीस हातात ती वही घेऊनच गाडीखाली शिरतात.

गट ए मध्ये कारखान्याच्या संघांना बरंच काही बदलता येत होतं. गट एन चा हेतू वेगळा होता. स्वतःच्या पैशाने धावणाऱ्या माणसाने गाडी विकत घ्यावी, सुरक्षेचा पिंजरा बसवावा, सस्पेन्शन बळकट करावं आणि निघावं. ज्याच्याकडे जास्त पैसा त्याचं इंजिन जास्त जोरकस, असं होऊ नये. मग एक्झॉस्टचं काय करायचं? त्यांनी काढलेली वाट आम्हाला आजही फार शहाणपणाची वाटते. पहिल्या सायलेन्सरपर्यंत काहीही हलवायचं नाही. त्या डब्यापासून शेवटच्या तोंडापर्यंत बदल चालेल, किंवा मूळ डब्याची आतडी काढून टाकली तरी चालेल. मात्र नव्या पाइपाचा व्यास पहिल्या डब्याच्या आधी मूळ पाइपाचा जितका होता त्याहून जास्त नको. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढेच हात लावायचा. आणि हे सगळं करताना गाडीचं पत्र्याचं अंग कापायचं नाही. यातली गंमत बघा. डबा बदला म्हणाले, पण व्यास बांधून ठेवला. म्हणजे दगडाने फुटलेला, माती-पाण्याने गंजलेला डबा फेकून सरळ पाइप टाकता येतो, वजन थोडं कमी होतं, दुरुस्ती स्वस्तात होते. पण त्यातून फार मोठी ताकद विकत घेता येत नाही.

इथे एक आडवळण घेतो. सुबारू इम्प्रेझाचा तो घरघरता, अडखळत धावल्यासारखा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना तो विसरता येत नाही. बॉक्सर इंजिन म्हणून तो येतो असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. मॅनिफोल्डच्या नळ्या दोन्ही बाजूंना सारख्या लांबीच्या नव्हत्या, त्यामुळे धुराचे ठोके टर्बोपाशी असमान अंतराने पोचायचे. तो आवाज आहे तिथला. कंपनीने नंतर काही आवृत्त्यांत नळ्या समान केल्या आणि आवाज बदलला. आता गट एन चा नियम आठवा : टर्बोच्या आधी हात लावायचा नाही. म्हणजे मॅनिफोल्ड कारखान्याचाच. त्यामुळे जंगलात उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या कानाने कळायचं की येणाऱ्या सुबारूच्या मॅनिफोल्डच्या नळ्या कोणत्या प्रकारच्या आहेत. नियम कानाला ऐकू येतो अशी उदाहरणं खेळांच्या इतिहासात फार नसावीत.

बरं, मग धुराच्या बाजूला एवढी सूट देऊन ताकद कशी आवरली? उत्तर दुसऱ्या तोंडाशी आहे. टर्बोच्या हवा खेचणाऱ्या चाकाच्या आधी एक अरुंद गळा बसवायचा, रिस्ट्रिक्टर. चाकाच्या पात्यांपासून जास्तीत जास्त ५० मिलिमीटरवर. सगळी हवा त्यातूनच जायला हवी. गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला की पुढे कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. हे भौतिकशास्त्र आहे, त्याला लाच देता येत नाही! गट ए ला १९९० च्या सुमारास ४० मिलिमीटरचा गळा लागला, मग ३८ चा, आणि १९९५ साली ३४ चा. ४० वरून ३४ म्हणजे सहाच मिलिमीटर, पण क्षेत्रफळाचा हिशोब केला तर छिद्र २८ टक्क्यांनी लहान झालं. गट एन ला पुढे ३२ मिलिमीटर ठरला, तो त्याहूनही अकरा-बारा टक्क्यांनी कमी.

आता अभियंत्यांनी काय केलं? वरच्या टोकाची ताकद गेली, ठीक. मग खालच्या फेऱ्यांमध्ये, वळणातून बाहेर पडताना, जोर मिळवायचा. इथे टर्बोचा जुना आजार आडवा येतो. चालकाने वळणाआधी पाय उचलला की धूर कमी होतो, मिनिटाला लाखभर फेरे घेणारं टर्बोचं चाक मंदावतं, आणि पुन्हा पाय दाबल्यावर जोर यायला वेळ लागतो. यावरचा उपाय थेट धुराच्या नळीतच शोधला गेला. पाय उचलला तरी इंजिनाला थोडी हवा आणि इंधन देत राहायचं, ठिणगी उशिरा टाकायची, म्हणजे ज्वलन सिलिंडरमध्ये न संपता मॅनिफोल्डमध्ये चालू राहतं. काही रचनांमध्ये कॉम्प्रेसरची ताजी हवा एका वेगळ्या नळीने सरळ मॅनिफोल्डमध्ये सोडतात. टर्बोच्या दाराशी अक्षरशः भट्टी पेटते आणि चाक फिरत राहतं. रॅलीत गाडी वळणाशी येताना फटाक्यांची माळ लागल्यासारखे आवाज येतात आणि मागून ज्वाळा निघतात, ते हे. अँटी-लॅग. धुराची नळी आता नुसती बाहेर जायची वाट राहिली नाही. ती इंजिनाची दुसरी ज्वलनखोली झाली. मॅनिफोल्ड तडकतात, टर्बो लवकर जातात, पण वळणातले सेकंद वाचतात.

आणि इथे होमोलोगेशनची खरी करामत आहे. जे शोरूमच्या गाडीत नाही ते रॅलीच्या गाडीत लावता येत नाही, असं नियम म्हणतो. मग कंपन्यांनी ते शोरूमच्या गाडीतच लावलं! टोयोटाने सेलिका जीटी-फोरच्या १९९४ च्या आवृत्तीच्या ज्या २,५०० गाड्या खास दाखल्यासाठी बनवल्या, त्यांत अँटी-लॅगची जोडणी होती, पण बंद ठेवलेली. मित्सुबिशीच्या लॅन्सर एव्होल्युशनच्या अनेक आवृत्त्यांतही कॉम्प्रेसरकडून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या त्या नळ्या कारखान्यातूनच बसून येत. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने त्या नळ्यांचे पैसे भरले होते, आणि त्याच्या आयुष्यात त्या एकदाही उघडल्या नाहीत. रॅलीवाल्याने मात्र इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला की त्या जिवंत. शोरूमची गाडी रॅलीला जावी म्हणून केलेला नियम, त्याने रॅलीची गाडी शोरूममध्ये आणली.

याच सेलिकावर पुढचा प्रसंग घडला. ऑक्टोबर १९९५, स्पेनमधली कातालुन्या रॅली. तपासणीत टोयोटाच्या संघाच्या टर्बोचा गळा उघडला गेला. मापाने तो बरोबर ३४ होता. लबाडी जोडणीत होती. हवेचा रबरी होज विशिष्ट हत्याराने आवळला की आतल्या स्प्रिंगा दबून गळा काही मिलिमीटर सरकायचा आणि त्याच्या कडेने चोरवाट उघडायची. तपासायला होज सोडला की स्प्रिंगा गळ्याला मूळ जागी नेऊन बसवायच्या, चोरवाट गायब. सुमारे पाव हिश्शाने जास्त हवा आत जात होती असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी निकाल देताना त्या कारागिरीचं कौतुकच केलं, आणि संघाला वर्षभर बाहेर काढलं. संघाचे आणि चालकांचे त्या वर्षीचे गुण गेले. चालकांना हे ठाऊक होतं असा पुरावा मात्र मिळाला नाही. ऐन विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या युहा कान्कुनेन यांना याची किंमत मोजावी लागली.

आम्हाला या प्रकरणात लबाडीपेक्षा तिची जागा महत्त्वाची वाटते. दहा वर्षांपूर्वी हीच बुद्धी धातूत, पंखात, इंजिनाच्या आकारात खर्च झाली असती. १९९५ पर्यंत ती एका होजच्या क्लिपेत येऊन दडली होती, कारण दुसरीकडे कुठे जागाच उरली नव्हती. चोरी कुठे होते त्यावरून कळतं की कुलूप कुठे पक्कं आहे.

दोनच वर्षांत, १९९७ पासून, 'वर्ल्ड रॅली कार' आली आणि मुख्य संघांना हजारो खास गाड्या बनवण्याची गरज उरली नाही. साध्या कुटुंबाच्या गाडीला टर्बो आणि चारही चाकांची ओढ जोडून वीसेक संच केले की पुरे. उत्पादन गाडीचा खरा इतिहास त्यानंतर गट एन मध्येच चालला. २००२ साली मलेशियाचे करमजीत सिंग यांनी प्रोटॉन पर्टमधून, म्हणजे नाव बदललेल्या लॅन्सर एव्होमधून, उत्पादन गाड्यांची जागतिक स्पर्धा जिंकली. ती जिंकणारे ते पहिले आशियाई. मोठ्या कारखान्याची तिजोरी पाठीशी नसलेला चालक मूळ मॅनिफोल्ड आणि ३२ मिलिमीटरच्या गळ्यानिशी जगज्जेता होऊ शकतो, हे त्या पहिल्या सायलेन्सरच्या रेघेचं फळ. आपल्याकडेही सेडिया आणि बलेनो धुळीत पळवणाऱ्यांची एक पिढी याच वर्गवारीच्या आधाराने उभी राहिली.

शेवटी एक प्रश्न, जो आम्हाला नेहमी विचारला जातो : रॅलीवाल्यांना मोकळा सायलेन्सर चालतो, मग आमच्या पोरांच्या बुलेटवर पोलीस का कारवाई करतात?

चालत नाही, बरं का. रॅली ही बंद ट्रॅकवरची शर्यत नाही. दोन वेगवान टप्प्यांमधलं अंतर गाडीला सामान्य रस्त्याने, गावांतून, सिग्नलला थांबत कापावं लागतं. म्हणून एफआयएच्या 'परिशिष्ट जे' मध्ये सर्व गटांना लागू असं एक कलम आहे. गटाच्या नियमाने मूळ सायलेन्सर बदलायची परवानगी असली, तरी उघड्या रस्त्यावरच्या स्पर्धेत गाडीला त्या देशाच्या वाहतूक कायद्यात बसेल असा सायलेन्सर असलाच पाहिजे. पाइपाचं तोंड मागे किंवा बाजूला, जमिनीपासून किमान १० आणि कमाल ४५ सेंटिमीटरवर, गाडीच्या कडेच्या आत. धूर फक्त शेवटच्या तोंडातून निघाला पाहिजे. आवाजाचीही मर्यादा आहे : पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर धरून तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मापक धरला असता १०३ डेसिबल. आपल्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई करतं. म्हणजे पॅरिसच्या नियमावलीतलं ते कलम भारतातल्या रॅलीत आलं की त्याचा हात थेट आपल्याच कायद्याला धरतो. नाशिकच्या बाहेर रॅलीची एखादी गाडी दोन टप्प्यांच्या मध्ये चौकात तुमच्या शेजारी थांबली, तर तिच्या मागचा डबा जरूर बघा. आतून तो बहुधा मूळचा नसेल, पण डबा असेल.

पुढच्या वेळी आपण टायरांबद्दल बोलू. प्रश्न असतील तर आत्ता विचारा.