वरचं दूध आणि पितळेचं पातेलं

सेलेनियम शरीराला दिवसाला जेमतेम ५५ मायक्रोग्रॅम लागतं. फारच कमी पडलं तर हृदयाचे स्नायू खराब होतात. चीनमधल्या केशान भागात हे घडलं. फार झालं तर केस आणि नखं गळतात. तांब्याचंही असंच आहे, आणि ती गोष्ट आपल्या पुण्याची आहे.

जुन्नर-आंबेगावकडच्या जुन्या घरांत माळ्यावर पितळेची पातेली अजून सापडतात. त्यांना आतून कल्हई, म्हणजे कथलाचा थर, लावून घ्यायचे. नाहीतर ताक, आमटी कळकते हे आजीला पक्कं ठाऊक. दुधावर मात्र कुणाचा संशय नव्हता.

त्याच काळात देशात लहान मुलांचा एक आजार होता : इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. वर्ष-दोन वर्षांचं बाळ, पोट फुगलेलं, लिव्हर टणक, मग कावीळ. बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. कधी एकाच घरातली दोन-दोन. १८८७ मध्ये कलकत्त्यात याची पहिली नोंद झाली, पण कारण कळेना. १९७०च्या दशकाच्या शेवटी दिसलं, की या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड साठलेलं असतं.

ते येतं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घरातली भांडी बघितली. १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी मांडलं : बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवून ठेवलेलं वरचं दूध. दुधातलं केसीन तांबं धरून ठेवतं, आणि तान्ह्या बाळाचं लिव्हर ते पित्तावाटे पुरेसं बाहेर टाकू शकत नाही. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं.

मग ते दूध पिणारी सगळीच मुलं आजारी का पडली नाहीत? बहुधा काही घरांत आनुवंशिक दोषही असावा. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्ये १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बाळं अशाच आजाराने गेली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवायचे, आणि तिथे आनुवंशिक धागाही दिसला.

पुढे घरोघरी स्टील आलं, आईच्या दुधाचा आग्रह वाढला आणि १९९०च्या दशकात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

आता पितळ पुन्हा फॅशनमध्ये आलंय. हौसेने वापरा, कल्हईही करून घ्या. पण कल्हई झिजते. बाळाचं दूध तेवढं स्टीलमध्येच तापवा.