शब्दाला वाट देणारा सूर : नॅशव्हिलमधील माउथ ऑर्गनची साथ



तबलजीची, पेटीवाल्याची साथ कशी रंगली यावर मैफलीनंतर तासन्‌तास बोलणारी माणसे आपण आहोत. पण त्याच मैफलीचा इतिहास लिहायला बसलो की गायकाचे नाव ठळक होते आणि साथीदार तळटीपेत जातो. आजचा विषय अशाच एका तळटीपेतला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात वाढलेल्या कंट्री संगीतात माउथ ऑर्गनची साथ कशी घडली, हे मी सांगणार आहे. विषय दूरचा खरा. पण शब्दप्रधान गाण्यात वाद्याने किती बोलावे, हा प्रश्न भावगीते ऐकत वाढलेल्या मंडळींना परका नाही.

प्रथम वाद्याविषयी. जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावचा घड्याळजी मातियास होनर याने १८५७ साली माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्याने ६५० नग तयार केले. पुढे हे स्वस्त आणि खिशात मावणारे वाद्य अमेरिकेतील शेतमजुरांच्या आणि रेल्वे कामगारांच्या हाती गेले. दहा छिद्रे, वीस पितळी पात्या. फुंकताना एक स्वर, श्वास ओढताना दुसरा. जात आपल्या पेटीचीच, फक्त भात्याचे काम फुप्फुसे करतात. सगळे स्वर त्यात नसतात, म्हणून वादक प्रत्येक पट्टीसाठी वेगळा माउथ ऑर्गन जवळ बाळगतो. शिवाय त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या फार जवळचा. हाच त्याचा गुण आणि हाच धोका. गायक गात असताना तो वाजत राहिला, तर एका वेळी दोन माणसे बोलत असल्यासारखे होते.

या कथेतले पहिले मोठे नाव साथीदाराचे नाही, स्वतंत्र वादकाचे आहे. डीफोर्ड बेली यांचा जन्म १८९९ साली टेनेसी राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपणी पोलिओने अंथरुणाला खिळले असताना त्यांनी हे वाद्य आत्मसात केले. आगगाडीचा वेग, शिटी, पुलावरून जातानाचा खडखडाट, सारे काही ते दहा छिद्रांतून उभे करत. १९२७ च्या डिसेंबरात नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या कार्यक्रमापाठोपाठ त्यांची अशीच एक गाडी वाजली. निवेदक जॉर्ज हे यांनी अभिजात ऑपेराची गंमत करत आपल्या कार्यक्रमाला त्याच वेळी ‘ग्रँड ओल ऑप्री’ असे नाव दिले. कंट्री संगीताच्या सर्वांत प्रतिष्ठित व्यासपीठाचे बारसे असे झाले. बेली गोऱ्या कलावंतांबरोबर दौरे करत, पण अनेक हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे.

१९४१ साली नभोवाणी केंद्रे आणि संगीताचे हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात मानधनावरून वाद पेटला. बेलींच्या गाजलेल्या चिजा त्या संस्थेकडे नोंदलेल्या होत्या; त्या वाजवायला बंदी आली आणि थोड्याच दिवसांत त्यांना कामावरून काढण्यात आले. नवे काही शिकायला ते तयार नव्हते, असा ठपका हे यांनी पुढे छापील पुस्तकात ठेवला. श्रोत्यांना ज्या चिजा हव्या होत्या त्याच वर्षानुवर्षे त्यांच्याकडून वाजवून घेतल्या जात होत्या, हे मात्र विसरले गेले. नंतर बेलींनी नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ साली ते वारले. कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात त्यांचे नाव लागले ते २००५ साली.

दुसरे पर्व स्टुडिओचे. १९५० नंतर नॅशव्हिल ध्वनिमुद्रणाचे केंद्र बनले. तीन तासांचे एक सत्र, त्यात साधारण चार गाणी, आणि ठरलेला वादकांचा ताफा. यांपैकी अनेकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर छापलीही जात नसत. या ताफ्यात १९६१ च्या सुमारास विशीतले चार्ली मॅकॉय आले. रॉय ऑर्बिसन यांच्या ‘कँडी मॅन’ने त्यांचा सूर लोकांच्या कानी पडला. त्यांच्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट ते सांगतात. ते भरभरून वाजवत असताना ग्रेडी मार्टिन या ज्येष्ठ गिटारवादकाने त्यांना बाजूला घेतले आणि समज दिली : गाण्याचे शब्द ऐक, एकही शब्द नीट कळला नाही, तर तू जास्त वाजवतो आहेस. साथीचे यापेक्षा नेमके शास्त्र मला ठाऊक नाही.

या शिकवणीमागे कारण आहे. कंट्री गाणे म्हणजे बहुधा तीन मिनिटांत सांगितलेली गोष्ट. शब्द हुकला तर गोष्टच हुकते. म्हणून वादकाने ओळ संपल्यावर बोलायचे आणि गायकाने श्वास घेतला की तेवढीच जागा भरायची. जॉर्ज जोन्स यांचे १९८० सालचे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ ऐकावे. मरेपर्यंत एकीवर प्रेम करणाऱ्या माणसाची ती कथा आहे. मॅकॉय यांचे मोजके स्वर तिथे सांत्वनाला आलेल्या शेजाऱ्यासारखे येतात, आणि शेजाऱ्याने लांबण लावू नये तसे लगेच थांबतातही.

मॅकॉय यांनी वाद्यातही बदल केला. ब्लूज वादकांच्या प्रचलित पद्धतीने वाजवले की या वाद्यात मधल्या सप्तकात कोमल निषाद मिळतो. ब्लूजला तो शोभतो, पण कंट्रीच्या सरळ चालींत खटकतो. त्यांनी पाचव्या छिद्रातली पाती घासून तो शुद्ध निषाद करून घेतला. एका पातीचा फरक, पण त्यामुळे चालीच्या अंगाने वाजवणे सोपे झाले. स्वरांना एक ते सात असे आकडे देऊन कोणत्याही पट्टीत गाणे लिहून घेण्याची जी पद्धत नील मॅथ्यूज या गायकाने वापरली, ती वादकांमध्ये रुजवण्यातही त्यांचा वाटा होता. षड्‌ज हलवला तरी सरगम तीच राहते, हे जाणणाऱ्या आपल्या कानांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

तिसरे नाव मिकी राफेल यांचे. १९७३ पासून ते विली नेल्सन यांच्या साथीला आहेत. नेल्सन तालाच्या मागे-पुढे रेंगाळत गातात. त्यांची ओळ कुठे संपेल हे आधी सांगता येत नाही. अशा गायकाच्या साथीला बोटांआधी कान लागतो. १९७५ च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ या संग्रहातली विरळ वाद्ययोजना कंपनीला कच्ची वाटली होती. श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. पुढे २००९ साली राफेल यांनी नेल्सन यांची १९६० च्या दशकातली ध्वनिमुद्रणे घेऊन त्यांवर चढवलेली व्हायोलिने आणि समूहस्वर काढून टाकले आणि ती ‘नेकेड विली’ या नावाने प्रसिद्ध केली. एका साथीदाराने वादन न वाढवता, नको ते दूर करून गायकाची केलेली ही सेवा आहे.

संयमाचे कौतुक करताना एक भेद मात्र पुसू नये. मॅकॉय आणि राफेल गप्प राहिले ते स्वतःच्या निवडीने. थांबायचे कुठे हे त्यांच्या हाती होते, आणि मान त्यांना हयातीत मिळाला. मॅकॉय यांचे नाव सन्मान-दालनात २००९ साली लागले. बेली गप्प झाले कारण त्यांचे व्यासपीठ काढून घेतले गेले. दोन्ही मौने दुरून सारखीच भासतात. पहिल्यात कला आहे, दुसऱ्यात अन्याय. साथीदारांचा इतिहास लिहिणाऱ्याने प्रत्येक रिकाम्या जागेपाशी थांबून विचारले पाहिजे : इथे कोणी जागा सोडली, की कोणाला उठवले? हा प्रश्न नॅशव्हिलपुरता नाही. आपल्या मैफलींच्या, नाटकांच्या आणि छापखान्यांच्या इतिहासातही अशा जागा पुष्कळ आहेत, आणि ती नावे आठवणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.