राजदूतचं कॅरिअर

‘कॅफे रेसर’ हा शब्द आज रील्समध्ये सतत दिसतो. तो जन्मला १९५० आणि ६० च्या दशकांतल्या इंग्लंडमध्ये. रस्त्याकडेच्या कॅफेंवर तरुण पोरं जमायची आणि तिथून गाड्या पळवायची. लंडनचा एस कॅफे हा त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध अड्डा. खिशात पैसे कमी आणि वेग तर जास्त हवा, म्हणून ती गाडीतून वजन काढायची. मोठी सीट गेली, हँडल खाली आलं, नको ते पत्रे उतरले. अमेरिकेत त्याच्याही आधी मडगार्ड छाटून ‘बॉबर’ तयार झाले होते. दोन्हीकडचा नियम एकच होता: काढून टाका.

आमच्या गोंदियाकडे गाडी बदलली ती उलट्या दिशेने. इथे लोकांनी गाडीवर वजन चढवलं.

हे मला कळलं ते आमच्या घरच्या १९७८ च्या राजदूतवर काम करताना. गावच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, तणशीच्या ढिगाआड ती बरीच वर्षं उभी होती. चुलतभाऊ म्हणाला, “दादा, हिला कॅफे रेसर करू. कॅरिअर कापायचं, सिंगल सीट टाकायची.” मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. दिवाळीची सुट्टी होती, थोडे पैसेही होते. म्हटलं, करू या.

पण कापण्याआधी ही गाडी मुळात काय होती ते पाहायला हवं.

राजदूत जन्माने पोलिश. पोलंडमधल्या किएल्त्से शहरात एसएचएल एम-११ नावाची मोटारसायकल बनायची. तिचं तंत्रज्ञान घेऊन एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला राजदूत बाजारात आणली. एस्कॉर्ट्सची स्थापना १९४४ सालची, लाहोरची. फाळणीनंतर कंपनीला बस्तान इकडे हलवावं लागलं. तिचे सुरुवातीचे ट्रॅक्टरही पोलंडच्याच उर्सुस कंपनीच्या मदतीने झाले. तो परकीय चलनाच्या टंचाईचा काळ होता आणि पूर्व युरोपातल्या देशांशी भारताचा व्यापार रुपयांत चालायचा. म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाची जावा बनत होती, तीही त्याच दिवसांत.

म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत राजदूत हा एसएचएलचा ‘फोर्क’: दुसऱ्याचं काम घेऊन आपल्या गरजेप्रमाणे पुढे नेलेलं. साधारण १७३ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टची वायरिंग. पुढचं चाक अर्ल्स पद्धतीच्या फोर्कवर. त्यात चाकाला धरणारा हात चाकाच्या मागे जोडलेला असतो, त्यामुळे ब्रेक दाबला तरी गाडीचं नाक खाली जात नाही. कच्च्या रस्त्यावर ओझं घेऊन चालवणाऱ्याला याचं मोल कळतं.

१९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूरने छोटी राजदूत जीटीएस चालवली आणि ती पोरांची लाडकी झाली. मोठी राजदूत मात्र गावाची राहिली. जाहिरातीत धर्मेंद्र होता तो उगाच नाही.

आमच्या आबाजींनी ती घेतली तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच. तो भंडाऱ्यातून १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्यामुळे आरसी बुकातल्या पत्त्यात आजही ‘जि. भंडारा’ आहे. गाडीवरून धानाचं बियाणं आणि खताची पोती बांधीपर्यंत जायची, दुधाचे कॅन डेअरीवर जायचे, आजारी माणसं दवाखान्यात जायची. त्यासाठी मागे लोखंडी अँगलचं भलंमोठं कॅरिअर बसवलं होतं. मागचे शॉकॲब्सॉर्बर दुसऱ्याच कुठल्या गाडीचे, जास्त कडक.

आमगावच्या मिस्त्रींनी गाडी रॉकेलने धुतली. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे उरतो तो चिकट गोंद. कार्ब्युरेटरची जेट त्यानेच बुजली होती. क्रँकचे ऑइल सील कडक होऊन तडकले होते. ते बिघडले की क्रँककेस बाहेरची हवा ओढतं आणि इंजिन नीट चालत नाही. सील बदलले, सिलिंडरला बोअर मारला, नवा पिस्टन आणि रिंग टाकल्या, पॉइंट घासले.

मग भावाने ग्राइंडर उचलला. मिस्त्री म्हणाले, “थांबा भाऊ. कॅरिअर कापता, पण चेसिसले आधार तं यानंच देल्ला आहे.”

खरंच तसं होतं. सीटखाली चेसिसची नळी कधीतरी तडकली होती. कुणीतरी ती पितळाने जोडली होती आणि कॅरिअरचे दोन अँगल खाली वाकवून त्या जोडाला टेकू दिला होता. पोती वाहणं आणि मोडलेलं सांधणं, दोन्ही कामं एकाच लोखंडाने केली होती. गाडीचं डिझाइन पोलंडमध्ये झालं, उत्पादन दिल्लीजवळ, आणि उरलेलं इंजिनिअरिंग एका वेल्डिंगवाल्याने इथे पूर्ण केलं. त्याचं नाव घरात कुणालाच आठवत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली असावीत, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. आमच्या गाडीला २०२८ मध्ये ५० पूर्ण होतील.

कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मौल्यवान क्षण म्हणजे ती कारखान्यातून निघाली तो दिवस. कॅफे रेसरवाल्यांसाठी तो दिवस उद्याचा असतो. मधली चाळीसेक वर्षं दोघांच्याही हिशेबात नाहीत. आणि राजदूत खरी जगली ती त्याच वर्षांत. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, तिचं फोर-स्ट्रोक इंजिन कमी पेट्रोलमध्ये खूप पळायचं. पुढे १९९६ आणि २००० मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि जुन्या टू-स्ट्रोकचा जमाना सरला. तरीही गावोगावच्या मिस्त्रींनी या गाड्या जिवंत ठेवल्या, मिळेल तो पार्ट लावून.

आम्ही कॅरिअर ठेवलं. तडकलेली नळी नीट वेल्ड करून घेतली, पण ते दोन अँगल काढले नाहीत. टाकी आतून साफ केली, वायरिंग नवी केली, रंग मात्र जुनाच राहू दिला. भाऊ थोडा नाराज झाला. दिसायला गाडी आजही ओबडधोबड आहे, फोटोला लाइक फार मिळत नाहीत. पण दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते.

तुमच्याही घरी अशी एखादी लूना, येझदी किंवा राजदूत धूळ खात असेल. तिला हवं ते करा. फक्त ग्राइंडर लावण्याआधी तिच्यावरचा प्रत्येक जोड, प्रत्येक जास्तीची पट्टी मोबाइलमध्ये टिपून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे कुणी लावलं, कशासाठी लावलं. आम्ही विचारलं तेव्हा सांगणारे आबाजी राहिले नव्हते.