पनवेलच्या खाडीतले पडाव

चाकणच्या कारखान्यांतून निघालेला कंटेनर घाट उतरून न्हावाशेव्याच्या बंदरात जातो. हे बंदर १९८९ साली सुरू झाले, त्यामुळे मावळ आणि समुद्र यांची सांगड कालपरवाची वाटते. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांचा इतिहासही बहुधा लोहमार्गापासून सांगितला जातो. माझ्या मते ही सुरुवात एक पिढी उशिराची आहे. बोरघाटातला गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत, १८३० साली, खुला झाला. त्याआधी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून उतरणारा माल आता गाड्यांतून जाऊ लागला, पण घाट उतरून त्याला गाठायचे होते ते पनवेल. पुढे मुंबईपर्यंत खाडी आणि शिडाचे पडाव. देशावरच्या कापसाला पावसाआधी मुंबईत पोचणे भाग होते. भिजलेल्या गाठीला भाव कुठला? म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस बैल आणि पडावाचा तांडेल या दोघांवरही एकच घाई असे.

यावर कोणी म्हणेल, खरा व्यापार केला तो विलायतेला जाणाऱ्या मोठ्या जहाजांनी आणि स्कूनरांनी; पडाव म्हणजे नुसती ने-आण. पण खोल बुडाचे जहाज पनवेलच्या खाडीत शिरूच शकत नव्हते. ओहोटीला तिथे चिखल उघडा पडे. उथळ बुडाचा पडाव त्या चिखलात निवांत बसे आणि भरतीवर सुटे. मुंबईच्या बंदरातल्या जहाजाचे पोट ज्याने भरले, त्याला व्यापारातून वगळून हिशेब जुळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाफेने शिडाला हरवलेच ना? १८५८ साली पुणे-खंडाळा गाडी धावली, १८६३ साली घाटातला मार्ग पुरा झाला आणि देशावरचा माल पनवेलला वळसा घालून कल्याणमार्गे थेट मुंबईत जाऊ लागला. पनवेलची घाटावरची उतारपेठ त्याने ओसरली, हे खरे. मात्र तिथे हरला तो मार्ग, शीड नव्हे. जिथे रूळ पोचले नाहीत, त्या कोकणात आगबोटी मोजक्या बंदरांना लागत, आणि मंगळुरी कौले, मीठ, नारळ विसाव्या शतकातही गलबतांतून येत राहिले. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ साली. घाटमाथ्यावर जी गोष्ट पाच वर्षांत संपली, तिला किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षे लागली.