माका आणि मला : भाषांचे नाते कसे ओळखावे?

मालवण तालुक्यातील आमच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात घडलेला हा प्रसंग आहे. साल १९८९ असेल. गुरुजींनी एका मुलाला विचारले, "तुझा भाऊ आज शाळेत का आला नाही?" तो उभा राहून म्हणाला, "भाव बंदरार गेलो." गुरुजी म्हणाले, "भाऊ गेलो? अरे, मी गेलो, तो गेला. चौथीत आलास तरी एवढे कळत नाही?" वर्ग हसला. मीही हसलो. घरी मीसुद्धा 'तो गेलो' असेच म्हणत होतो, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही. तो मुलगा मात्र त्यानंतर वर्गात आपण होऊन बोललेला मला आठवत नाही.

त्याने चूक केली होती का? त्याची बोली आणि पुस्तकातील मराठी यांचे नाते काय? एक शुद्ध आणि दुसरी तिचा बिघडलेला अवतार, की दोघी एकाच घरातील बहिणी? या प्रश्नांची उत्तरे आवडीनिवडीवर सोडण्याची गरज नाही. भाषांचे नाते तपासण्याची एक पद्धत गेल्या दोन शतकांत तयार झाली आहे, आणि ती शाळेतील मुलांनाही समजण्याइतकी सोपी आहे. तिची एक चुणूक तर साडेनऊशे वर्षांपूर्वीच दिसली होती. आधी तिकडे वळू.

कशगरच्या महमूदचा उंट

मध्य आशियातील कशगर या शहराशी ज्याचे घराणे निगडित होते, असा महमूद नावाचा एक विद्वान अकराव्या शतकात होऊन गेला. १०७०च्या दशकात त्याने बगदादमध्ये तुर्की बोलींचा एक मोठा कोश अरबी भाषेत तयार केला. निरनिराळ्या टोळ्यांचे शब्द देताना त्याने एक बारकावा टिपला. इतर तुर्क जेथे 'त' म्हणतात, तेथे ओघुझ टोळीचे लोक 'द' म्हणतात. उदाहरण म्हणून त्याने उंटाचा शब्द दिला.

पुढे ओघुझ लोक पश्चिमेकडे सरकले. आजच्या तुर्कस्तानची भाषा त्यांच्याच शाखेची. कशगरच्या परिसरात आज उइघुर भाषा बोलतात. इस्तंबूल आणि कशगर यांच्यात सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर आहे. आज एक भाषा रोमन लिपीत, तर दुसरी प्रामुख्याने अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. तरीही महमूदने टिपलेला फरक आजही ऐकू येतो. जीभ किंवा भाषा या अर्थी तुर्की शब्द 'दिल', तर उइघुर शब्द 'तिल'. नऊ या संख्येला तुर्कीत 'दोकुझ', उइघुरमध्ये 'तोक्कुझ'. उंट तुर्कीत 'देवे', उइघुरमध्ये 'तोगे'. 'क' आणि 'ग' यांचीही अशीच जोडी आहे: डोळ्याला एकीकडे 'गोझ', दुसरीकडे 'कोझ', 'ये' या अर्थी एकीकडे 'गेल', दुसरीकडे 'केल'.

येथे महत्त्वाची गोष्ट कोणती? शब्द सारखे आहेत ही नव्हे, तर ते ठरावीक रीतीने वेगळे आहेत ही.

सारखेपणा तीन प्रकारचा

दोन भाषांतील शब्द तीन कारणांनी सारखे असू शकतात. पहिले कारण योगायोग. तुर्कीतील 'दिल' म्हणजे जीभ; हिंदी गाण्यांतून आपल्याला ठाऊक असलेला 'दिल' म्हणजे हृदय, आणि तो फारसीतून आला. उच्चार एक, पण संबंध काहीही नाही.

दुसरे कारण उसनवारी. हवा, दुनिया, किताब हे शब्द घ्या. तुर्कीत ते 'हवा', 'दुन्या', 'किताप' असे, तर उइघुरमध्ये 'हवा', 'दुन्या', 'किताब' असे आढळतात. म्हणून मराठी ही तुर्कीची बहीण ठरत नाही. हे शब्द मुळात अरबी. धर्म, व्यापार आणि राज्यकारभार यांच्याबरोबर ते सगळीकडे गेले. आपल्याकडचे पाव, बटाटा, अननस, चावी हे शब्द असेच पोर्तुगीजांकडून आले.

तिसरे कारण वारसा. दोन भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या असतील, तर त्यांच्यातील फरकांनाही नियम असतो. शिवाय हा नियम संख्या, शरीराचे अवयव, सर्वनामे, क्रियापदांची रूपे अशा रोजच्या आणि सहसा उसन्या न घेतल्या जाणाऱ्या भागांत दिसतो. नाते ठरवायचे ते याच तिसऱ्या प्रकारच्या साम्यावरून.

आता आपल्या किनाऱ्यावर

हीच कसोटी मालवणीला लावू. मराठीत घोडा, काळा, मोठा, माझा, गेला. मालवणीत घोडो, काळो, मोठो, माझो, गेलो. गोव्याच्या कोंकणीत घोडो, काळो, म्हजो, गेलो. म्हणजे पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी एकीकडे 'आ', दुसरीकडे 'ओ'. ही रांग सरळ आहे. तिचे मूळही सापडते. संस्कृत 'घोटक' या शब्दाचे प्राकृतात 'घोडओ' झाले. त्या शेवटाचा गुजराती, कोंकणी आणि मालवणी यांत 'ओ' झाला. मराठी आणि हिंदीत 'आ' झाला. तेव्हा 'घोडो' हा 'घोडा' या शब्दाचा बिघाड नाही. दोघे एकाच आजोबांचे नातू आहेत, आणि उलट 'ओ'कार त्या प्राकृत रूपाच्या अधिक जवळ आहे.

मग राजाचा 'राजो' का होत नाही? कारण 'राजा' हा शब्द त्या साच्यातून आलेला नाही. तो संस्कृतातच आकारान्त होता. मामाचाही 'मामो' होत नाही. अपवादालाही कारण सापडते, तेव्हा नियमावरचा विश्वास वाढतो.

आता 'माका'. हा 'मला'चा चुकीचा उच्चार असेल काय? तपासून पाहा. मालवणी जिभेवर 'ल'चा 'का' होत असेल, तर 'गेला'चे 'गेको' व्हायला हवे होते. तसे होत नाही. 'गेलो'तील 'ल' जागच्या जागी आहे. म्हणजे 'माका' हे 'मला'पासून निघालेलेच नाही. तेथे वेगळा प्रत्यय आहे: माका, तुका, आमका, तुमका. गोव्यात म्हाका, तुका, आमकां, तुमकां. शिवाय 'मला' हे रूप तरी किती जुने? ज्ञानेश्वरीत (१२९०) 'मज', 'मातें' अशी रूपे पदोपदी भेटतात. आजचा 'ला' प्रत्यय सर्रास झाला तो नंतरच्या काळात. 'मला'ला आई मानून 'माका'ला तिचे वाट चुकलेले लेकरू ठरवणे इतिहासाला धरून नाही.

तर मग मालवणी म्हणजे सरळ कोंकणीच का? तेही घाईचे होईल. पुढील तक्ता पाहावा. क्रम मराठी, मालवणी, गोव्याची कोंकणी असा आहे.

मला – माका – म्हाका
कुठे – खंय – खंय
घोडा – घोडो – घोडो
मी – मी – हांव
काय – काय – कितें
माझे घर – माझां घर – म्हजें घर

पहिल्या तीन ओळींत मालवणी कोंकणीच्या बाजूला आहे. पुढच्या दोन ओळींत मराठीच्या. आणि शेवटच्या ओळीत ती स्वतःच्याच वाटेने गेली आहे. 'हांव' हे संस्कृत 'अहम्'चे रूप, गुजरातीतील 'हुं'चे भावंड. मराठी आणि मालवणीतील 'मी' संस्कृतातील 'मया'कडून आला. शिवाय तिघींत मोठे साम्य आहेच. तीन लिंगे, 'घोड्या' हे सामान्यरूप, भूतकाळातील 'ल' आणि 'दोन' ही संख्या तिघींत आहेत.

खाडीत रेघ कोठे मारायची?

अभ्यासकांनाही ही रेघ एका जागी मारता आलेली नाही. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांनी १६१६ साली छापलेले क्रिस्तपुराण मराठीत रचले, आणि लोकांना समजावे म्हणून त्यात स्थानिक बोलीचे शब्द मिसळले. त्याच स्थानिक बोलीचे वेगळे व्याकरणही त्यांनी लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोन बोलण्यांतील फरक त्यांना स्पष्ट ऐकू येत होता, आणि दोन्ही मिसळता येतात हेही कळत होते.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याचे काम स्टेन कोनो यांनी केले. त्यात कोंकणी ही मराठीची बोली म्हणून आली. पण ती बरीच आधी वेगळी झालेली शाखा आहे, असेही नोंदवले गेले. सावंतवाडीकडची 'कुडाळी' त्यात कोंकणीच्या पोटात आहे. याउलट सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ साली कोंकणीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला आणि तिला स्वतंत्र भाषा मानले.

पुढचे निर्णय भाषाशास्त्राच्या बाहेर झाले. साहित्य अकादमीने १९७५ साली कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ साली गोव्यात ती राजभाषा झाली, आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. तिकडे सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले होते, १९६० साली तो भाग महाराष्ट्रात आला आणि १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाला. परिणामी राज्याच्या सीमेपलीकडे पेडण्यातील मूल कोंकणी बोलते असे आपण म्हणतो, आणि अलीकडे आरोंद्यातील मूल मराठीची बोली बोलते असे म्हणतो. प्रत्यक्षात पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडेच होता, आणि आजही दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचे बोलणे समजायला दुभाषी लागत नाही.

माझा रोजचा विषय पाण्याचे रसायन हा आहे, म्हणून तिकडचा दाखला देतो. कर्लीच्या खाडीत होडीतून वर वर जात प्रत्येक टप्प्यावर पाण्याचा खारेपणा मोजता येतो. देवबागच्या मुखाबाहेर दर किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार. आत जाऊ तसतसे हे प्रमाण उतरत जाते आणि भरती-ओहोटीबरोबर बदलते. प्रत्येक मोजमाप नेमके असते. पण 'समुद्र येथे संपला, नदी येथे सुरू झाली' अशी रेघ त्या पाण्यात नसते. ती आपण सोयीसाठी मारतो. देवगडपासून मालवण, वेंगुर्ले, शिरोडे, आरोंदे आणि पेडण्यापर्यंत गावागणिक बोली बदलते ती अशीच. साम्ये आणि फरक शास्त्राने मोजावेत. त्यांतल्या कशाला 'भाषा' म्हणायचे आणि कशाला 'बोली', हे मात्र समाज, साहित्य आणि सरकार ठरवतात. त्या निर्णयांना महत्त्व आहे. पण ते झाले म्हणून एखाद्या बोलीचे व्याकरण नाहीसे होत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

आता त्या चौथीच्या वर्गाकडे परत जाऊ. मालवणीत 'मी गेलंय' आणि 'तो गेलो' असे चालते. मुलाचे वाक्य त्याच्या नियमांप्रमाणे चोख होते. मराठीत 'गेलो' हे रूप 'मी'बरोबर येते, म्हणून गुरुजींना ते चुकीचे ऐकू आले. दोन व्याकरणांची तेथे टक्कर झाली, आणि ती समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. त्यासाठी नव्या पुस्तकांची वाट पाहण्याचे कारण नाही. फळ्यावर दोन रकाने आखावेत: 'घरी म्हणतो' आणि 'पुस्तकात म्हणतात'. एक ते दहा अंक, शरीराचे अवयव, नात्यांची नावे, आणि 'गेला, आला, केला' ही रूपे मुलांकडूनच भरून घ्यावीत. मग विचारावे: कोणता फरक पुन्हा पुन्हा येतो? नियम कोठे मोडतो, आणि का? जिल्ह्याबाहेरून आलेले मूल वर्गात असेल, तर तिसरा रकाना त्याचा.

यातून मुले प्रमाण मराठी लवकर शिकतील, कारण कोठे काय बदलायचे हे त्यांना नेमके कळेल. निरीक्षण, वर्गीकरण, नियम आणि अपवाद हा विज्ञानाचा धडा प्रयोगशाळेवाचून होईल. आणि भाऊ बंदरावर गेल्याचे सांगणारा मुलगा पुढच्या प्रश्नालाही उभा राहील.